बाबांच्या खोलीतला उजेड

घराचं सगळं झालं होतं, लायटिंग तेवढं राहिलं होतं. फरशा बसल्या होत्या, रंगाचा पहिला हात मारून झाला होता, नळांना पाणी आलं होतं. छतातून मात्र जागोजागी वायरी लोंबत होत्या, टोकांना काळी टेप गुंडाळलेली. नवरा म्हणायचा, "लायटिंगची घाई नको. ते शेवटी निवांत बसून ठरवू." निवांत बसायच्या आधीच तो गेला. श्रावणातल्या एका सकाळी, अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं असताना. त्याबद्दल एवढंच लिहिते.

आम्हाला मूलबाळ नाही. मागे उरलो मी आणि सासरे, म्हणजे बाबा. मी शहापूरला कॉलेजच्या ऑफिसात आहे. प्रवेश, दाखले, परीक्षेच्या बैठका हे माझ्याकडे असतं. कामाची यादी करायची, झालेल्यावर रेघ मारायची, ही माझी जुनी सवय. नवरा गेल्यावरही मी यादीच केली. बँक, रेशनकार्ड, त्याच्या कंपनीचे कागद, बाबांचे डोळ्यांचे थेंब, घराचं लायटिंग. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. त्यात कामं चांगली होतात.

सासरे मूळचे टोकावड्याचे. तिथे त्यांनी जन्मभर भात लावला. सासूबाई गेल्यावर ते थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे आले. धाकटा दीर आणि जाऊ टोकावड्यालाच असतात, माळशेजच्या रस्त्यावर त्यांचा ढाबा आहे, मागे घर. तेरावं झाल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, बाबांना आता आमी नेतो. तुमी नोकरी करणार का त्यांच्या मागं धावणार?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "नवं घर पोरानं बांधलंय. तिथं राहून बघतो. होळीपातुर बघू. जमलं तर जमलं, नायतर तू हायसच."

मला ते राहायला हवे होते. कारण विचारलं असतं तर मी चार कारणं दिली असती: त्यांचं ऑपरेशन इथल्या डॉक्टरने केलंय, ढाब्यावर पथ्य सांभाळत नाहीत, वगैरे. खरं कारण एकच होतं. घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यावा. तो खोकला नसता तर मी त्या नव्या घरात कशी राहणार होते, हे मला दिसतच नव्हतं. म्हणजे भीती वाटत होती असं नाही. दिसत नव्हतं, एवढंच.

भाड्याच्या जागेच्या मालकाला खोल्या हव्या होत्या, त्यामुळे लायटिंगचं लांबवता येईना. एका रविवारी बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदाराने मागच्या भिंतीत तीन सारखे कोनाडे केले होते. प्रत्येकात तीच प्लास्टिकची कुंडी, तीच फ्रेम. त्याने एकेक बटण दाबलं.

"बघा मॅडम. वॉर्म, न्यूट्रल, कूल. पिवळा, मधला, पांढरा. तुम्हाला घरात मूड कसा पाहिजे?"

मी तिन्ही कोनाडे बघितले. पिवळ्यात कुंडी जुनी दिसत होती, पांढऱ्यात नवी. मला कोणताच कोनाडा दुसऱ्यापेक्षा बरा वाटला नाही.

"कशात नीट दिसतं?"

"दिसतं सगळ्यातच. फील वेगळा येतो."

"फील नको. दिसायला पाहिजे. घरात म्हातारं माणूस आहे."

"मग पांढरा घ्या," तो जरा हिरमुसून म्हणाला. मी सगळीकडे पांढरा घेतला. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, मधली वाट, संडास. वेगवेगळा घेतला की बदलताना गोंधळ होतो. एक प्रकार, एक कंपनी, एकाच मापाचे जादा दोन. दुकानात पंधरा मिनिटंही लागली नसतील. नवऱ्याने हॉलच्या छताला कडेने खाच करून घेतली होती, आत लपवलेला पिवळा उजेड सोडायचा म्हणून. ती रिकामी ठेवायला मी वायरमनला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊंनी खास करून घेतलीय." मी म्हटलं, "राहू दे."

वर्षाच्या आत वास्तुशांत करता येत नव्हती. पाहुणे नाहीत, जेवण नाही. सामान टेम्पोतून आलं, देव्हारा लागला, बाबांनी देवापुढे निरांजन लावलं आणि आम्ही राहायला लागलो.

बाबांच्या खोलीवर मी सगळ्यात जास्त डोकं चालवलं होतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याने अंधुक दिसतं. पडले तर कमरेचं हाड. म्हणून पलंगाच्या बरोबर वर छतात गोल दिवे, बटण उशाशी, पायाखाली काही येणार नाही अशी मांडणी. पहिल्या संध्याकाळी मी बटण दाबलं तेव्हा खोली दवाखान्यासारखी लख्ख झाली. बाबांनी कपाळावर आडवा हात धरला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "दिवा वाढव गो."

मी ऐकलं, लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला फोन केला. त्याने जास्त ताकदीचे दिवे बसवले.

संध्याकाळी बाबा परत म्हणाले, "दिवा वाढव की."

"वाढवलाय बाबा, आजच."

ते माझ्याकडे बघत राहिले.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी भिंतीवर समोर दिव्यांची एक लांब पट्टी लावून घेतली. वायरमन शिडीवरून उतरताना म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याच्या खोलीत क्रिकेटची मॅच भरवायची का? मला डोळे उघडायला होत नाय."

"त्यांना दिसत नाही. तेच मागतायत."

"मागत असतील तर लावू," तो म्हणाला.

याच दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली. दिवेलागणीला मी बटण दाबलं की बाबांचे डोळे वाहायला लागायचे. टॉवेलने पुसायचे, परत वाहायचे. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. मला वाटलं, ही वेळ मुलाची कामावरून परत यायची, लोकलने आसनगावला उतरून रिक्षाने घरी पोचायची. त्याची आठवण येत असणार. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचे. आपल्यालाही येईल म्हणून वाट बघायचे. येत नव्हतं. पोट भरलेल्या माणसाने पंगत बघावी तसं मी त्यांचं रडणं बघायचे. मग कुकरची शिट्टी व्हायची आणि मी उठायचे.

बाबांनी हळूहळू दिवा वाढवायला सांगणं सोडलं. मला वाटलं, पुरेसा झाला. काम झालं, रेघ मारली. पण अंधार पडला की ते खोलीत थांबेनात. बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. डास मारायचे. मी बाहेरचाही दिवा लावायचे, कारण पायरीचा अंदाज चुकला तर काय घ्या. दिवा लागला की ते उठून घराच्या बाजूला, टाकीपाशी जाऊन उभे राहायचे. तिथे दिव्याचा पॉइंट नव्हता. मी वायरमनला तिथला पॉइंटही विचारून ठेवला होता.

मग माघात एके दिवशी जेवताना म्हणाले, "त्याला फोन लाव. नेऊ दे मला टोकावड्याला."

"होळीला वेळ आहे अजून."

"आता काय नि मंग काय."

"काही चुकलं का माझं?"

"नाय गो. तुझं काय चुकलं? तुला तुझ्या परीनं राहता येल."

मी ताट उचललं. भांडी घासली. त्यांची पिशवी भरली: औषधं, थेंबांची बाटली, दोन लेंगे, कानटोपी, डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद. सगळं वेळच्या वेळी आठवत होतं. ते गेल्यावर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर काय करायचं, एवढं मात्र आठवत नव्हतं, म्हणजे सुचत नव्हतं. मी त्यावर विचार करायला बसले आणि बसल्याबसल्या मला झोप लागली.

दीर आणि जाऊ दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आले, ढाब्यावरची दुपारची गडबड उरकून. पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दीर आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, घर हाय का पेट्रोल पंप? शहापूरच्या नाक्यावरनं दिसतंय!"

"गप बसा," जाऊ म्हणाली. "तुमच्या ढाब्याला हॅलोजन लावलाय, त्याच्यावर घाटातली पाखरं येऊन आपटतात."

ती बाबांच्या पाया पडायला खोलीत गेली, मी मागोमाग पाणी घेऊन गेले. दीर पिशव्या गाडीत ठेवायला बाहेर. बाबा निघायच्या तयारीत पलंगावर बसले होते, कपाळावर हात, डोळे वाहत. जाऊ त्यांच्याजवळ टेकली. बाबांनी तिला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "आलीस काय? आधी तो दिवा वाढव गो."

जाऊ उठली आणि तिने उशाशी असलेली सगळी बटणं खटाखट बंद केली.

खोली एकदम अंधारात गेली. मधल्या वाटेतला उजेड दारातून थोडा येत होता, तेवढाच.

"अगं, बंद काय करतेस?" मी म्हटलं. "वाढव म्हणतायत ते."

"वाढवलाच की."

"बंद केलास."

"ताई, तेच ते. दिवा वाढवला म्हणजे..." ती हसायला लागली. "तुमच्या माहेरी, कल्याणला नाय म्हणत? आमची आजी रोज म्हणायची, चुलीम्होरचा दिवा वाढव नि पड. दिव्याला विझव नाय म्हणत. नारळ काय फोडला म्हणतो का आपण, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढ..."

ती थांबली. अंधारातही मला कळलं की ती माझ्या हातांकडे बघतेय. हातात घड्याळ होतं.

तो शब्द मला माहीत होता. दहाव्याला चुलत सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या बांगड्या वाढवा गो कोनीतरी." मी दोन्ही हात पुढे केले होते. तेव्हा अर्थ लगेच कळला होता, कोणाला विचारावं लागलं नव्हतं. मग हेच बाबा रोज संध्याकाळी म्हणत होते आणि मी शिडी लावून दिवे चढवत होते.

पलंगावरून बाबांचा आवाज आला, बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता इतका मोकळा. "आता बरं वाटलं."

"बाबा, मला वाटलं तुम्हाला दिसत नाही."

"दिसतंय की. त्या पांढऱ्या उजेडानं डोळ्याला धारा लागतात. ऑपरेशन केलेला डोळा तर मिरची लागल्यासारका होतो."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगत होतो रोज."

दीर दारात येऊन उभा राहिला होता. त्याला जावेने चार शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुमी पन कमाल! सरळ लाइट बंद कर म्हनायचं. भाड्याच्या खोलीत म्हनत होता ना?"

"तवा घरात सगळी होती," बाबा म्हणाले. "पोरगा गेल्यावर आलो हितं. पयल्याच दिशी नव्या घरात बंद कर, विझव, असं तोंडातनं काढायचं? मंग जुनं बोललो. हिला कलतंय असंच वाटलं."

"आणि मी आणखी लावत गेले तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं, तुला अंधाराचं भ्या वाटतंय. तो गेला नि तू घरभर लाइटा लावत सुटलीस. पायरीला लाइट, मोरीला लाइट. बटन उशाशीच होतं, पन म्हनलं, पोरीला लागतंय तर लागू दे. माझ्यापायी तिनं कशाला अंधारात बसावं? मी जातो टोकावड्याला, तिला लावू दे किती लावायच्यात त्या."

जाऊ पदराने डोळे पुसत होती. मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज ऑफिसात दाखला मागणाऱ्या मुलांशी बोलावा तसाच होता, "म्हणजे तुम्ही रडत नव्हता?"

"कदी रडत पन होतो," बाबा म्हणाले. "त्या उजेडात कोनला कलतंय कुठलं पानी."

आम्ही चौघं तिथेच बसलो. स्वयंपाकघरातला दिवाही जावेने बंद करून ठेवला, देव्हाऱ्यातलं निरांजन आणि वाटेतला उजेड एवढ्यावर तिने चहा केला. साखर दोनदा पडली. दीर म्हणाला, "मंग काय, निघायचं ना बाबा? पिशव्या गाडीत हायत."

मी कपाकडे बघत होते. थांबा म्हणायला हवं होतं. ते वाक्य मला तयार करता येईना. याद्यांमध्ये असं वाक्य नसतं.

बाबांनी मलाच विचारलं. "तुला चालंल का कमी उजेड? तुला भ्या नाय वाटत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला सध्या काहीच वाटत नाही, बाबा. अंधाराचंही नाही आणि उजेडाचंही नाही."

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावरही काही वेगळं झालं नाही. बशीतला चहा निवला.

"व्हतंय तसं," बाबा म्हणाले. "तुझी सासू गेली तवा मी दोन वर्सं भाताची चव सांगू शकलो नसतो." मग धाकट्याकडे वळून, "पिशव्या काढ रे गाडीतनं."

"डिझेल फुकट गेलं," दीर म्हणाला, पण पिशव्या आणायला तोच पहिला उठला. जाऊ जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, एकदा म्हाताऱ्याला विचारून तरी लावा आता. नायतर परत काय तरी वाढवाल."

पुढच्या रविवारी वायरमन आला. या वेळी मी दुकानात गेले नाही. त्याला म्हटलं, एका लांब वायरीला होल्डर लाव आणि वेगवेगळे बल्ब घेऊन ये, संध्याकाळी ये. तो म्हणाला, "संध्याकाळी कोन काम करतं ताई?" तरी आला. अंधार पडल्यावर आम्ही खोलीखोलीतून तो होल्डर फिरवला. वायरमनने हात उंच करून धरायचा, खाली आणायचा, भिंतीच्या मागे लपवायचा. बाबा पलंगावर बसून सांगायचे. वर नको. समोर नको. डोळ्यात येत नाय असा. पाठीमागनं येऊ दे. पिवळा बरा. त्याहून कमी नाय का? झिरोचा लाव बघू.

"झिरोच्यात वाचता यायचं नाय, आजोबा."

"वाचायचं कुठं हाय? मला काय परीक्षेला बसायचंय?"

असं करत ठरलं. बाबांच्या खोलीत छतातलं सगळं बंद. पलंगाच्या मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, भिंतीकडे तोंड केलेला एकच पिवळा दिवा. मधल्या वाटेत जमिनीपासून वीतभर उंचीवर छोटा, म्हणजे पाय दिसतील, डोळ्यात येणार नाही. हॉलमध्ये कोपऱ्यात एक. स्वयंपाकघरात ओट्यावर पांढरा ठेवला, मला चिरायला लागतो म्हणून. बाहेर पायरीवर एक, पण झाकण असलेला. काढलेल्या दिव्यांची छतात गोल भोकं राहिली. वायरमन म्हणाला, "झाकणं आणू का?" बाबा म्हणाले, "राहू दे, आत चिमण्या घर करतील." वायरमन म्हणाला, "आजोबा, ते पीओपी हाय." मी झाकणं आणायला सांगितली.

होळी झाली. बाबा गेले नाहीत. तो विषयही कोणी काढला नाही.

एका संध्याकाळी धरणावरचा मासा मिळाला, भातसानगरकडून मासे आणणारी बाई दारावर आली होती. रोहू होता. मी कालवण केलं आणि आम्ही हॉलमध्ये त्या एका दिव्याच्या उजेडात जेवायला बसलो. बाबांनी तुकडा फोडला आणि थांबले. ताट जवळ घेतलं, लांब नेलं.

"काटे दिसत नाय."

"मोठा लावू?"

त्यांनी छताकडे बघितलं. "नको."

मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं. मलाही दिसत नव्हतं. डोळ्यांनी करण्यासारखं ते काम नव्हतंच. बोटांनी तुकडा दाबायचा, मांस सोडवायचं, काटा लागला की ओढून बाजूला ठेवायचा. रोहूला दुहेरी काटे असतात. सावकाश जमायला लागलं. बाबा कोरडा भात चिवडत वाट बघत बसले. एक काटा नखाखाली गेला आणि मी हात झटकला.

"लागला?"

"हो."

"दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हटलं, आणि पुढचा तुकडा घेतला.